एका परीकथेच्या चित्रांचा शोध



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस बोलावले तेव्हा आम्ही कामगार-कायद्यावर बोलू अशी त्यांची समजूत असावी. त्या विषयावर आम्ही बारा महिने बोलतच असतो, आणि ऐकणारे अर्ध्यातून उठून जातात हेही पाहतो! म्हणून आज एका परीकथेविषयी बोलावे असे ठरविले आहे. आमचे शाळेतले शिक्षण आठवीपर्यंतचे. पुढचे सारे सार्वजनिक वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत झाले. तेव्हा रंगरेषांची परिभाषा आमच्या बोलण्यात कोणी शोधू नये.

गेल्या मे दिनाला आमच्या यंत्रमागाच्या गावात कामगारांसाठी एक कार्यक्रम करायचा होता. पडद्यावर चित्रे दाखवीत एखादी गोष्ट सांगावी अशी कल्पना निघाली. आम्ही गोष्ट निवडली ऑस्कर वाइल्डची ‘तरुण राजा’. वाइल्डचा ‘सुखी राजपुत्र’ आणि बागेत मुलांना येऊ न देणारा राक्षस आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असतील. हा तरुण राजा मात्र फारसा कोणी वाचीत नाही.

गोष्ट थोडक्यात अशी. धनगराच्या घरी वाढलेला एक पोर राजाचा नातू निघतो व गादीचा वारस ठरतो. त्याला सुंदर वस्तूंचे विलक्षण वेड. राज्याभिषेकासाठी सोन्याच्या धाग्यांचा झगा, माणकांचा मुकुट आणि मोत्यांचा राजदंड तयार होत आहे. आदल्या रात्री त्याला तीन स्वप्ने पडतात. पहिल्यात एका बुटक्या माळ्यावर माग चालले आहेत. निस्तेज, आजारी पोरे मागाच्या आडव्या तुळयांवर दबा धरून बसली आहेत, आणि धोटा गेला की जड फळी सोडून आडवा धागा ठोकीत आहेत. पोटात अन्न नाही म्हणून त्यांचे हात थरथरतात. राजा विणकऱ्याजवळ जातो तेव्हा त्याला धोट्यात सोन्याचा धागा दिसतो, आणि हा झगा आपलाच आहे हे कळते. दुसऱ्या स्वप्नात एक कोवळा गुलाम मोत्यांसाठी पुन्हा पुन्हा समुद्रात बुडी मारतो. शेवटचा, सर्वांत सुंदर मोती वर आणतो, आणि नाकाकानांतून रक्त येऊन मरतो. तिसऱ्यात कोरड्या नदीच्या पात्रात माणसे माणके खणीत आहेत, आणि मृत्यू व लोभ त्यांच्या जिवांचा सौदा करीत आहेत. सकाळी राजा झगा नाकारतो, धनगराचे कातडी कपडे घालतो आणि रानकाट्यांचा मुकुट करून देवळाकडे निघतो.

ही गोष्ट प्रथम १८८८ साली लंडनच्या ‘लेडीज पिक्टोरियल’ या सचित्र पत्राच्या नाताळ अंकात आली. सनाकडे लक्ष द्यावे. त्याच वर्षीच्या जुलैत लंडनमधल्या काड्यापेटीच्या कारखान्यातील सुमारे १४०० बायका-मुलींनी संप केला होता. त्यांची बाजू वर्तमानपत्रातून मांडणाऱ्या बाई म्हणजे पुढे आपल्याकडे होमरूलमुळे घरोघर माहीत झालेल्या ॲनी बेझंट. पुढच्या वर्षी, १८८९ मध्ये, लंडनच्या गोदी कामगारांनी तासाला सहा पेन्सांसाठी गोदी बंद पाडली. इकडे मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांच्या सभा भरवीत होते. रविवारची सुट्टी मिळाली ती १८९० च्या जूनमध्ये. अशा दिवसांत ही परीकथा लिहिली गेली.

आता चित्रांकडे वळतो. १८९१ साली ही कथा ‘डाळिंबांचे घर’ या संग्रहात आली. पुस्तकाची सजावट चार्ल्स रिकेट्सची आणि पानभर चित्रे चार्ल्स शॅननची. किंमत एक गिनी, म्हणजे २१ शिलिंग. आम्ही सवयीने हिशेब मांडला. सहा पेन्स तासाला मिळविण्यासाठी झगडलेल्या गोदी कामगाराला ती मजुरी मिळाल्यावरही हे पुस्तक घ्यायला ४२ तास काम करावे लागले असते! आणि एवढी किंमत मोजून शॅननची चित्रे धड उठलीच नाहीत. छपाईची रीत बिघडली. आज पुष्कळ प्रतींत ती पुसट सावल्यांसारखी दिसतात. पडद्यावर मोठी केली तर धुक्याखेरीज काही उरत नाही.

पुढे १९१५ साली जेसी किंग या स्कॉटिश चित्रकर्तीने याच संग्रहाला रंगीत चित्रे काढली. रेषा इतकी नाजूक की पाहणाऱ्याने श्वास धरावा. पण आमच्या मागवाल्यांना ती दाखवायची म्हणजे भुकेल्या माणसाला अत्तर हुंगवायचे. आमच्या हाती जी जी चित्रे आली त्यांत राजाचे मुख, झग्याची भरजरी नक्षी, खिडकीतून येणारे ऊन, हे सारे मनापासून काढलेले होते. माग मात्र शोधावा लागत होता. चित्रकारांचा हेतू वाईट होता असे आम्ही म्हणत नाही. पुस्तक ज्या घरात जायचे तिथल्या टेबलावर शोभले पाहिजे, हा व्यवहार आहे. एक खंत मात्र राहते. ‘सुखी राजपुत्रा’च्या पुस्तकाला ज्या वॉल्टर क्रेनने चित्रे काढली, तोच क्रेन मे दिनासाठी कामगारांच्या मिरवणुकीची चित्रे काढीत असे. चार्टिस्ट चळवळीतल्या लिंटन नावाच्या लाकूड-कोरकाऱ्याकडे तो उमेदवारी करून शिकलेला. त्याच्या हाती ही कथा पडायला हवी होती.

एका तरुण सहकाऱ्याने सुचविले की हल्ली संगणकाला सांगितले की तो हवे ते चित्र काढून देतो. दिले! माळा सुरेख, पोरे गोड, उजेड सोनेरी. आमच्या युनियनमधले एक जुने मागवाले चष्मा वर सरकवून जवळ गेले आणि म्हणाले, “ह्याचा ताणा कुठं बांधलाय? अन् धोटा जाणार कुठून?” चित्र तिथेच निकालात निघाले.

शेवटी माग सापडला तो परीकथेच्या पुस्तकाबाहेर. जर्मनीतल्या केटे कोलविट्झ या बाईंनी १८९३ ते १८९७ या काळात ‘विणकऱ्यांचे बंड’ ही सहा चित्रांची मालिका केली. सायलेशियातील विणकऱ्यांनी १८४४ साली उठाव केला होता. त्यावरचे हाउप्टमनचे नाटक पाहून त्यांना ही कल्पना सुचली. त्यांचे यजमान बर्लिनमध्ये कामगारवस्तीत डॉक्टर होते, त्यामुळे हे चेहरे रोज डोळ्यांपुढे. पहिल्या चित्रात ठेंगणी खोली, अंथरुणात आजारी मूल, डोके दोन्ही हातांत धरून बसलेली आई, आणि मागे खोली व्यापून उभा असलेला माग. १८९८ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात या मालिकेसाठी सुवर्णपदकाची शिफारस झाली. कैसर विल्हेल्मने ती नाकारली. राजाला झगा नाकारता येतो तसे पदकही नाकारता येते, असे आमच्यातला एक जण म्हणाला, आणि सभेत बराच वेळ हशा चालला.

हे चित्र आम्ही पहिल्या स्वप्नासाठी घेतले, आणि ते या कथेचे नव्हे हे पडद्यावर स्पष्ट लिहिले. तसे न लिहिणे म्हणजे एकाची मजुरी दुसऱ्याच्या खात्यात मांडणे. मोत्यांसाठी इराणच्या आखातातल्या पाणबुड्यांची जुनी छायाचित्रे मिळाली. नाकाला चिमटा, कमरेला दोर, आणि नावाड्याच्या वहीत न फिटणारे कर्ज. तिथले मोती वेचायला, भोके पाडायला मुंबईच्या बाजारात येत असत, तेव्हा हा समुद्र आपल्याला फार दूरचा नाही. माणकांविषयी एवढेच सांगतो की ब्रह्मदेशातल्या मोगोकच्या खाणींसाठी लंडनमध्ये कंपनी उभी राहिली ती १८८९ साली, आणि त्या माणकांचा राजा थिबा आपल्या रत्नागिरीत कैदेत राहून १९१६ मध्ये वारला.

एका प्रसंगाला मात्र चित्र मिळता मिळेना, आणि आमच्या मते तोच कथेचा गाभा आहे. काट्यांचा मुकुट घालून राजा जात असता गर्दीतून एक माणूस पुढे येतो आणि त्याला बजावतो की श्रीमंतांच्या चैनीवरच गरिबाची चूल पेटते. मालकासाठी राबणे कडू खरे, पण राबायला मालकच नसणे त्याहून कडू. श्रीमंत आणि गरीब भाऊ नाहीत काय, असे राजा विचारतो. तो म्हणतो, आहेत की, आणि श्रीमंत भावाचे नाव केन. म्हणजे बायबलात ज्याने सख्ख्या भावाला मारले तो. राजाचे डोळे भरून येतात, उत्तर मात्र सुचत नाही. हा माणूस आम्हांस प्रत्येक फाटक-सभेत भेटतो. आम्ही त्याला मूर्ख म्हणत नाही. तीस वर्षे त्याच्याशीच बोलत आलो आहोत. अमेरिकन चित्रकार क्रेग रसेल याने १९९० नंतरच्या दशकात ही कथा चित्रकथेच्या रूपात काढली, तीत चौकटीमागून चौकट सारी कथा येते, त्यामुळे कोणाला वगळण्याची सोय नाही. ते पुस्तक अजून हक्काखाली आहे, म्हणून त्याची पाने पडद्यावर न टाकता एक प्रत विकत घेतली आणि बाकांवरून हातोहात फिरविली.

कार्यक्रम झाला. शेवटी देवळात उन्हाचे किरण राजाभोवती सोन्याचा झगा विणतात, वाळक्या काठीला फुले येतात, लोक गुडघे टेकतात. दिवे लागल्यावर कांड्या भरणाऱ्या एका बाईंनी उठून विचारले, “बरं, मग दुसऱ्या दिवशी त्या माळ्यावरच्या पोरांचं काय झालं?” वाइल्डने ते लिहिलेले नाही, आणि कोणी चितारलेलेही नाही. त्या प्रश्नावर रात्री साडेदहापर्यंत बोलणे चालले, आणि मजुरीवाढीच्या मागणीचा मसुदा वाचायचा होता तो पुढच्या बैठकीवर टाकावा लागला.