खुंटीवरची माळ
(दिंडीच्या शतकमहोत्सवी सप्ताहात केलेले भाषण)





कमिटीनं मला सांगितलं, बुवा, दिंडीला शंभर वर्षं झाली, जुन्या माणसांच्या आठवणी सांगा. मी चौथी शिकलेला माणूस. मला बोलता येतं, लिहिता येत नाही. हे नातीनं लिहून काढलंय. ज्यांनी दिंडी मोठी केली त्यांच्याबद्दल बाकीचे बोलतीलच. मी अशा एका माणसाबद्दल बोलणार आहे, ज्याचं नाव दिंडीच्या वहीत पाच वेळा लिहिलं आणि पाच वेळा खोडलं. तो माझा बाप. आम्ही त्यांना आबा म्हणायचो.

आबा गुळव्या होते. आताच्या पोरांना गुळव्या म्हणजे कोण हे सांगावं लागतं. घाण्यातनं रस काहिलीत पडतो. खाली चुलवाणात जळव्या चिपाडं सारतो. रस तापला की रानभेंडीचं पाणी घालून मळी काढायची. मग रस आटत आटत पाक होतो. तो पाक कधी उतरायचा हे गुळव्या ठरवतो. आधी उतरला तर गूळ मऊ राहतो, उशीर झाला तर करपून काळा पडतो. दुसरे पाण्यात थेंब टाकून गोळी बघतात. आबा नुसत्या बुडबुड्यावरनं ओळखायचे. पंचक्रोशीतली माणसं दसऱ्याआधीच त्यांना सांगून ठेवायची. त्यांच्या हातचा रवा कोल्हापूरच्या मार्केट यार्डात वेगळा ओळखू यायचा.

माया म्हणाल तर फार. रात्री कितीही उशीर होऊ दे, पानात गरम गूळ बांधून आणायचे. आम्ही चौघं भावंडं झोपलेली असलो तर उठवून एकेकाच्या जिभेवर ठेवायचे. मला पहिला अभंग त्यांनीच शिकवला. चुलवाणाच्या उजेडात बसवायचे, लाकडी दांड्यानं जमिनीवर ठेका धरायचे. आज कीर्तनात तुम्ही माझ्या ज्या चालींना मान डोलावता, त्या आबांच्या आहेत.

आणि आबा दारू प्यायचे. हातभट्टीची. १९४९ चा दारूबंदीचा कायदा होता, पण ओढ्याकाठची भट्टी काय थांबली नव्हती. गुऱ्हाळावर रात्र रात्र जागायचं, अंग आगीनं भाजून निघायचं, तिथं एक घोट सुरू झाला तो शेवटपर्यंत सुटला नाही. ज्या गुळाचा आपण प्रसाद वाटतो, तोच गूळ नासवून भट्टीत घालतात. आबांच्या हातचाही गूळ तिथं गेला असंल, आणि तिथनं परत आबांच्या पोटात आला असंल. काहिलीतला पाक उतरायची वेळ त्यांना चुकली नाही कधी. स्वतःची मात्र कळली नाही.

त्यांचा एक नेम होता. तुळशीची माळ गळ्यात असताना प्यायचे नाहीत. प्यायला निघाले की माळ काढून, डोक्याला लावून, सोप्यातल्या खुंटीवर अडकवायचे. शाळेतनं आलो की मी दप्तर ठेवायच्या आधी खुंटीकडं बघायचो. खुंटी मोकळी असली की त्या दिवशी घरात हसणं. खुंटीवर माळ दिसली की आई लवकर चूल विझवायची, आम्ही भावंडं गोठ्यात जाऊन बसायचो.

आज हे बोलणार म्हटल्यावर आईनं मला जवळ बोलावलं. आई पंच्याऐंशीच्या पुढं आहे. म्हणाली, "तुझा बा माया करायचा ह्ये सांग. पर माझी म्हस इकून दारूची उधारी भागवली, त्येबी सांग. नुसतं ग्वाड सांगू नगंस."

म्हणून सांगतो. म्हैस विकली. आईवर त्यांनी दोन वेळा हात टाकला. माझी शाळा चौथीत सुटली, कारण पुढच्या पुस्तकांचे पैसे भट्टीवर गेले. बाप मायाळू होता हे खरं. त्याच बापानं आम्हाला उपाशी झोपवलं हेही खरं. एका खऱ्यानं दुसरं खरं पुसलं जात नाही, माऊली. दोन्ही पदरात घेऊन चालावं लागतं.

आता दिंडीचं सांगतो. आषाढात आपल्याकडं रोपलागण असते, म्हणून आषाढी एकादशीला आपण नंदवाळला जातो आणि कार्तिकीला पंढरपूरला पायी. आबा कार्तिकीला निघायचे. गावच्या देवळात माळ घालायचे, दारू सोडली म्हणून शपथ घ्यायचे, वहीत नाव लागायचं. मिरज मागं टाकेपर्यंत ठीक असायचं. मग तिसऱ्या दिवशी हात थरथरायला लागायचे. घामानं सदरा भिजायचा. एकदा सांगोल्याच्या अलीकडच्या मुक्कामात रात्री ओरडत उठले, अंथरुणात साप आहेत म्हणाले. लोकं म्हणाली, बाहेरचं लागलं. अंगारा लावला. कुणी म्हणालं, नाटक करतोय. दुसऱ्या दिवशी आबा कुठंतरी जाऊन पिऊन आले, तेव्हा थरथर थांबली. झालं, वहीतलं नाव खोडलं.

ते काय होतं हे मला पुष्कळ वर्षांनी एका डॉक्टरांनी सांगितलं. वर्षानुवर्षं पिणाऱ्यानं एकाएकी दारू बंद केली तर शरीर उसळतं. हात कापतात, नसलेलं दिसतं, फिट येते, माणूस दगावूही शकतो. त्याला औषध आहे, पण ते डॉक्टरच्या देखरेखीखाली. आम्ही अंगारा लावत बसलो. आबा त्या वाटेवरनं जिवंत परत आले ही पांडुरंगाचीच कृपा.

पाचव्यांदा माळ मोडल्यावर काही माळकरी म्हणाले, ही माळेची चेष्टा आहे, ह्याला दिंडीत घ्यायचं नाही. त्यांचंही काय चुकलं असं मी म्हणणार नाही. त्या वर्षी आबा दिंडीच्या मागं, सामानाच्या गाडीच्याही मागं, पन्नास पावलं सोडून पंढरपूरपर्यंत एकटे चालत गेले. पुढच्या वर्षी त्यावेळच्या विणेकरी बुवांनी त्यांना बोलावलं. म्हणाले, "माळेचं राहू दे. तू पाण्याची घागर घे." वहीत नाव नाही, गळ्यात माळ नाही, पण आबा दिंडीला पाणी पाजू लागले. पाय चालत होते तोवर पाजलं.

आता माझी चूक सांगतो. मी तरणा होतो, कीर्तनात नुकतं नाव होत होतं. आपल्याच देवळात कीर्तन होतं. मी दारुड्याची नक्कल केली. झोकांड्या खाल्ल्या, जीभ जड करून बोललो. लोकं पोट धरून हसली. मागं खांबाला टेकून आबा बसले होते. ते उठले आणि मुकाट्यानं बाहेर गेले. रात्रभर मला झोप नाही. सकाळी आबा गोठ्यात धार काढत होते. माझ्याकडं न बघता म्हणाले, "चाल बरी लावलीस. पर दुसऱ्या चरणाला घाई करतोस." एवढंच. त्यावर मला काय बोलता आलं नाही. आजवर आलं नाही.

गाडगेबाबांनी आयुष्यभर दारूच्या विरुद्ध कीर्तनं केली. १९५६ साली बाबा गेले. पण बाबा गावात आले की आधी हातात खराटा घेऊन गाव झाडायचे, मग बोलायचे. आम्ही कीर्तनकारांनी त्यांचं बोलणं तेवढं घेतलं, खराटा ठेवून दिला. त्या दिवसापासनं मी कीर्तनात नक्कल केली नाही.

आबांच्या शेवटाला पोटात पाणी झालं होतं, डोळे पिवळे. दारू सुटली असं सांगता येत नाही, अंगात प्यायची ताकद राहिली नाही एवढंच. गेले तेव्हा माळ खुंटीवर होती. ती गळ्यात घालावी का नको, जाणती माणसं विचार करत उभी राहिली. आई पुढं झाली. म्हणाली, "घाला. आता कुठं जात न्हाईत प्यायला."

आबा होते तेव्हा पुण्यात मुक्तांगण सुरू झालेलं होतं. १९८६ साली अनिता आणि अनिल अवचट या डॉक्टर जोडप्यानं काढलं, पु. ल. देशपांड्यांनी मदत केली. तिथं दारू हा आजार समजून उपचार करतात. आम्हाला पत्ता नव्हता. तुम्हाला आज तसं म्हणता येणार नाही. कोल्हापुरात सीपीआरचा सरकारी दवाखाना आहे, तिथं विचारा. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या बैठका असतात, तिथं दारू सोडलेली माणसंच दुसऱ्याला हात देतात, फी नाही. सगळा जन्म सोडायची शपथ ते घेत नाहीत, आजचा एक दिवस सोडायचा म्हणतात. आपण रोज हरिपाठ म्हणतो, तो काय जन्माचा एकदम म्हणतो का? आजचा आज.

दिंडीकडं माझं तीन गोष्टींचं मागणं आहे. दारू सोडून येणाऱ्याला निघायच्या आधी डॉक्टरला दाखवा. ज्याची माळ मोडली त्याला काहीतरी काम द्या, घागर द्या, पण पन्नास पावलं मागं ठेवू नका. आणि त्याच्या घरी जाऊन त्याच्या बायकोला विचारा, चूल पेटली का म्हणून. आबांना बुवांनी घागर दिली, पण माझ्या आईकडं कुणी आलं नव्हतं.

विठोबा विटेवर उभा आहे तो पुंडलिकासाठी. आईबापाची सेवा चालली होती म्हणून देवाला थांबायला लागलं. ते आईबाप कसे होते, हे देवानं विचारलं नाही. मला ती सेवा आबा असताना जमली नाही. आज तुमच्यासमोर त्यांचं खरं सांगितलं, तेवढीच सेवा मानून घ्या.

खुंटी अजून सोप्यात आहे. मोकळी आहे. घरात शिरताना अजून आधी तिकडंच बघतो.

रामकृष्ण हरी.