मेंदूवरील आघात : जखम भरल्यानंतर

अमेरिकेंतील व्हर्माँट संस्थानांत कॅव्हेंडिश गांवाजवळ आगगाडीच्या मार्गासाठीं खडक फोडण्याचें काम चाललें होतें. १८४८ सालच्या सप्टेंबरच्या १३ तारखेस फिनियस गेज नांवाचा २५ वर्षांचा मुकादम सुरुंगाची दारू ठासत असतां ती अवचित पेटली, आणि ३ फूट ७ इंच लांबीची लोखंडी पहार त्याच्या डाव्या गालांतून शिरून माथ्यांतून बाहेर पडली. आश्चर्य असें कीं, गेज जगला. डॉक्टर जॉन हार्लो यांच्या उपचारांनीं कांहीं महिन्यांत त्याची जखमही भरून आली.

परंतु जखम भरली म्हणजे मनुष्य बरा झाला काय? पूर्वीं कामांत चोख असलेला हा मुकादम आतां उतावळा, हट्टी व तोंडाळ झाला. तो नवे बेत आंखी आणि लगेच सोडून देई. हा पूर्वींचा गेज नव्हेच, असें त्याचे स्नेही म्हणूं लागले. १८६० सालीं तो वारला. त्याच्या मेंदूंत काय बिघडलें होतें, हें तो जिवंत असतां पाहण्याचें साधन कोणाजवळच नव्हतें.

तें साधन यावयास शतकाहून अधिक काळ लागला. १८९५ सालीं रंटगेन यांनीं शोधलेल्या क्ष-किरणांनीं हाडें दिसूं लागलीं, पण कवटीच्या आंतील मऊ मेंदू दिसेना. १९७१ सालीं विम्बल्डन येथील ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयांत हाउन्सफील्ड यांच्या सी. टी. यंत्रानें जिवंत माणसाच्या मेंदूचे छेद प्रथम दाखविले. अपघातानंतर आजही प्रथम बहुधा हेंच चित्र काढतात, कारण ताजा रक्तस्राव व कवटीची मोड त्यांत त्वरित दिसते.

मात्र मेंदूची सर्वच दुखापत अशी ठळक नसते. डोक्यास जोराचा हिसका बसला म्हणजे मेंदूच्या एका भागाचा निरोप दुसऱ्या भागास पोंचविणारे सूक्ष्म तंतु ताणले जातात, कांहीं तुटतात. ते सी. टी. चित्रांत दिसत नाहींत. त्यांच्यासाठीं चुंबकाच्या साह्यानें काढावयाचें चित्र, म्हणजे एम. आर. आय., अधिक उपयोगी पडतें. निरोगी तंतूंतील पाणी तंतूच्या दिशेनेंच अधिक सरकतें; तंतु बिघडले कीं ही शिस्त मोडते, आणि यंत्र तें टिपतें. जुन्या बारीक रक्तस्रावांतून मागें राहिलेलें लोहही कांहीं चित्रांत वर्षांनंतर काळ्या ठिपक्यांच्या रूपानें दिसतें.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, आघाताचे परिणाम त्या एका क्षणींच संपत नाहींत. गंभीर दुखापतीनंतर कालांतरानें पुन्हां चित्रें काढलीं असतां कित्येकांचा मेंदू हळूहळू आकसल्याचें व त्यांतील द्रवाच्या पोकळ्या रुंदावल्याचें आढळतें. लंडनच्या इंपीरियल कॉलेजांतील संशोधकांनीं २०११ सालीं किरणोत्सर्गी द्रव्याच्या साह्यानें घेतलेल्या चित्रांत मेंदूंतील रक्षक पेशींची खळबळ अपघातानंतर १७ वर्षांपर्यंतही दिसून आली. तेथीलच २०१५ सालच्या अभ्यासांत अशा रुग्णांचे मेंदू त्यांच्या वयाच्या मानानें सरासरी ४ ते ६ वर्षें अधिक म्हातारे भासले. सौम्य दुखापतीच्या रुग्णांत मात्र हा फरक आढळला नाहीं.

घरोघरीं या ठिकाणींच चूक होते. टांके निघाले, मनुष्य चालूं-बोलूं लागला, कीं आप्तांना तो बरा झाला असें वाटतें. पुढें तो विसरूं लागला, थकूं लागला, क्षुल्लक कारणावरून संतापूं लागला, म्हणजे त्याला आळशी किंवा उर्मट ठरविण्यांत येतें. हा दोष स्वभावाचा नसून इजेचा असूं शकतो, याची साक्ष ही चित्रें देतात. उलट चित्र निर्दोष आलें म्हणून रुग्णाची तक्रार खोटी ठरत नाहीं. यंत्राच्या दृष्टीसही मर्यादा आहे. म्हणून घरच्या माणसांनीं दिसलेला पालट तारीखवार टिपून ठेवावा व अपघात जुना झाला असला तरी तो डॉक्टरांस अवश्य सांगावा.

गेजची कवटी हार्वर्ड येथील संग्रहालयांत जतन केलेली आहे. तिच्या सी. टी. चित्रांवरून २०१२ सालीं कॅलिफोर्नियांतील संशोधकांनीं अनुमान बांधलें कीं, त्याच्या मेंदूच्या बाह्य थरापैकीं सुमारें ४ टक्के, तर जोडणाऱ्या तंतूंच्या द्रव्यापैकीं सुमारें ११ टक्के भागास इजा पोंचली असावी. तरीही हाच गेज पुढें चिली देशांत कित्येक वर्षें घोड्यांची प्रवासी गाडी हांकीत होता. या कामास संयम व वक्तशीरपणा लागतो. त्यावरून त्याच्या वर्तनांत पुढें सुधारणा झाली असावी, असें कांहीं अभ्यासक मानतात. नियमित काम आणि सांभाळून घेणारीं माणसें मिळालीं, तर दुखावलेला मेंदूही पुष्कळ कांहीं नव्यानें शिकूं शकतो.