खाली काय पाहायचंय?

तारकर्लीला प्रशिक्षकाचा हात धरून स्कूबाची पहिली बुडी मारून आलेल्यांना पुढचा प्रश्न ठरलेला : आता कुठे? मग जाहिरातीतलं निळंशार पाणी पाहून तिकिटं काढली जातात. माझं म्हणणं, पाण्याचा रंग राहू द्या. खाली काय पाहायचंय ते आधी ठरवा.

मोठ्या प्राण्यांची हौस असेल तर मालदीव. तिथे बा ॲटॉलमध्ये हनिफारू नावाची छोटीशी खाडी आहे. मे ते नोव्हेंबर, म्हणजे आपल्याकडे पावसाळा असताना, भरतीबरोबर आलेलं प्लवक तिथे कोंडतं आणि ते खायला मांटा, म्हणजे आपल्या पाकटाचे अवाढव्य भाऊबंद, आ वासून एकामागोमाग एक घिरट्या घालतात. गंमत म्हणजे या खाडीत टाकी लावून उतरायला बंदी आहे! तोंडात नळी धरून वरूनच पाहायचं. स्कूबाचं सगळं सामान घेऊन निघालेल्याला हे आधी कळलेलं बरं. जानेवारीत ऊन छान असतं, पण हनिफारूत तेव्हा मांटा सहसा नसतात.

माझा जीव मात्र बारक्या जिवांत रमतो. इंडोनेशियात, सुलावेसीच्या ईशान्य टोकापाशी लेंबेची सामुद्रधुनी आहे. तळाला ज्वालामुखीची काळी वाळू, मधूनच एखादी बाटली. प्रवाळ शोधत आलेला माणूस हिरमुसतो. एवढ्यात वाटाड्या वाळूतल्या एका झुबक्याकडे कांडी दाखवतो. शेवाळच ते, असं म्हणेपर्यंत त्याला डोळा दिसतो. केसाळ फ्रॉगफिश! कपाळावरचं आमिष हलवत बसतो आणि मासा टप्प्यात आला की पापणी लवायच्या आत गट्टम. इथे अंतर कापायचंच नसतं. तासभर मुंगीच्या पावलांनी सरकायचं. पाण्यात अधांतरी राहायची सवय हवी, नाहीतर तुमचेच पाय गाळ उडवतात आणि मागच्याला काही दिसत नाही.

इतिहासवेड्यांसाठी मायक्रोनेशियातलं ट्रुक लगून. फेब्रुवारी १९४४ मध्ये अमेरिकी विमानांनी इथे जपानी जहाजांचा फडशा पाडला. ‘फुजिकावा मारू’च्या पोटात लढाऊ विमानांचे सांगाडे आजही आहेत. पण ‘सान फ्रान्सिस्को मारू’च्या डेकवरचे रणगाडे पन्नासएक मीटरवर, आणि पहिल्या प्रमाणपत्राची मर्यादा १८ मीटर. तिथे जायचं तर आधी आणखी शिकायला हवं, त्यात तडजोड नाही.

नुकतंच प्रमाणपत्र हाती आलेल्यांना मी सरळ अंदमान सांगतो. डिसेंबर ते एप्रिल, हॅवलॉक, म्हणजे आताचं स्वराज द्वीप. उथळ प्रवाळ, भरपूर मासे, पासपोर्टची कटकट नाही. फक्त परतीचं तिकीट जपून काढा. लागोपाठच्या बुड्यांनंतर रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. म्हणून शेवटची बुडी आणि विमान यांच्यात निदान १८ तास मोकळे ठेवा. तेवढ्यात पोर्ट ब्लेअरचा, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमचा, सेल्युलर जेल बघून होतो.