मोटारसायकलीची तुटलेली केबल

उजव्या हाताची मूठ पिळली कीं मोटारसायकल वेग घेते, हें घरांतलें पोरहि जाणतें. परंतु मुठीचा हा हुकूम एंजिनापर्यंत नेणारी जी बारीक तार, तिची आठवण धन्याला बहुधा ती तुटल्यावरच होते! ही तार उघडी नसते; पोलादी वेटोळ्यांच्या लवचिक नळींतून ती सरकते. या रचनेचें पेटंट अर्नेस्ट मोनिंग्टन बाउडेन यांस १८९६ सालीं मिळालें. पुढें सायकलीच्या ब्रेकपासून मोटारसायकलीच्या क्लचपर्यंत तीच युक्ति सर्वत्र रूढ झाली.

कार्ब्युरेटरच्या गाड्यांत, आणि मद्रासेस १९५५ पासून तयार होऊं लागलेली जुनी बुलेट यांतलीच, तारेचें खालचें टोक एका पोकळ दट्ट्यास अडकविलेलें असतें. मूठ पिळली कीं दट्ट्या वर उचलला जातो व एंजिनास अधिक हवा आणि पेट्रोल मिळतें. मूठ सोडली कीं स्प्रिंग त्यास खालीं दाबते. म्हणून तार साफ तुटली तर एंजिन मंदावतें, इतकेंच. खरें भय असतें तें अर्धवट तुटलेल्या तारेचें. ती अनेक सूक्ष्म धाग्यांची पिळलेली असते. टोंकाच्या धातूच्या गोळ्यापाशीं एक एक धागा तुटूं लागतो, आणि त्याचें टोंक नळींत रुतलें तर मूठ सोडूनहि एंजिन गर्जतच राहतें. घाटाच्या वळणावर हा प्रसंग आला तर स्वारानें क्लच दाबून तत्काळ एंजिन बंद करावें. मुठीशीं झटापट करीत बसूं नये. मूठ जड लागणें, खरखरणें किंवा सोडल्यावर आळसानें परतणें ही आगाऊ सूचनाच होय. ती मिळूनहि ‘अजून चालते आहे ना’ म्हणणारे गृहस्थ पुष्कळ आढळतात!

नवी केबल घेतांना जुनी शेजारीं धरून लांबी व दोन्ही टोकांचे गोळे ताडून पाहावेत. एंजिन निवूं द्यावें, पेट्रोलचा कॉक बंद करावा आणि जरूर तर टाकी उतरवावी. जुनी केबल ओढून काढण्यापूर्वीं तिच्या टोंकाला मजबूत दोरा बांधावा. ती निघेल तसा दोरा तिच्या मार्गानें आंत जातो, आणि त्याच्याच आधारानें नवी केबल बिनचूक ओढून घेतां येते. कार्ब्युरेटरचें झाकण फिरवून काढलें कीं दट्ट्या, स्प्रिंग आणि सुई एकत्र वर येतात. स्प्रिंग दाबून धरली म्हणजे गोळा खांचेंतून सुटतो. सुईवरची इवलीशी क्लिप खालीं पडली तर पुढचा तास ती शोधण्यांत जावयाचा, म्हणून खालीं एक फडकें पसरलेलें बरें.

परत बसवितांना दट्ट्याची तिरपी कापलेली बाजू हवेच्या गाळणीकडे असावी, खांच आंतल्या खुंटीवर यावी व सुई आपल्या छिद्रांत अलगद उतरावी. जोर लावावा लागला तर कांहीं तरी चुकलें आहे असें निश्चित समजावें. केबल तप्त एंजिनास टेकूं नये, तिला तीव्र वळण पडूं नये आणि हँडल फिरतांना ती चेपूं नये.

मुठीला दोन-तीन मिलिमीटर मोकळी चाल ठेवून, एंजिन सुरू करण्यापूर्वींच, ती पिळून सोडून पाहावी. ती चटकन् मागें आली पाहिजे. मग गाडी न्यूट्रलमध्यें उभी करून एंजिन सुरू करावें व हँडल डावीकडून उजवीकडे पूर्ण फिरवावें. एंजिनाचा आवाज चढला तर केबल कोठें तरी ताणली जात आहे. ही परीक्षा मिनिटभराची. पण घाईंत हीच विसरली जाते, आणि मग पहिल्याच कोपऱ्यावर वळतांना गाडी आपोआप धांव घेते. नळीला आंतून नायलॉनचें अस्तर असेल तर बहुतेक कारखानदार तेल घालण्यास मना करतात. साध्या केबलीस मात्र वरच्या टोंकाकडून अधूनमधून थेंबभर पातळ तेल अवश्य द्यावें.