आमरीची रोपं आणि नारळाचं पाणी



कोकणात आणि गोव्यात शेडनेटखाली डेंड्रोबियम, म्हणजे आमरीच्या कुळातलं फूल, घेणारी मंडळी विचारतात, "प्रयोगशाळेत म्हणे रोपांना नारळाचं पाणी देतात. मग आम्हीच घरी रोपं का करू नयेत?" करता येतील. पण आधी बी समजून घ्या.

आमरीचं बी धुळीसारखं बारीक. एका बोंडात हजारोंनी असतं. परंतु भाताच्या दाण्यात असते तशी शिदोरी त्यात नसते. रानात एक बुरशी त्याला भरवते. १९२२ साली अमेरिकेतील लुईस नडसन यांनी दाखवून दिले, की साखर व क्षार घातलेल्या अगरवर हे बी बुरशीशिवायही रुजते.

नारळपाण्यात रोपाच्या पेशी वाढवणारी द्रव्ये असतात. एक लिटर माध्यमाला १०० ते १५० मिलिलिटर पुरे. पाणी ताजं हवं, आंबलेलं नको. उकळून, फडक्यातून गाळून घ्या. जास्त घातलं की जास्त वाढ, असा हिशेब इथं चालत नाही.

पिकलेल्या केळ्याचा गर मात्र बी पेरताना घालू नका, काही जातींत रुजवण अडते. रोपाला दोन-तीन पानं फुटून ते दुसऱ्या बाटलीत हलवताना लिटरला ५० ग्रॅम द्या. मुळ्या चांगल्या धरतात. गरामुळे सामू बदलतो. तो ५.५ च्या आसपास आणून मगच अगर घाला.

आता खरी मेख. ही साखर, हा गर बुरशीलाही तितकाच गोड लागतो! म्हणून माध्यम भरलेल्या बाटल्या १५ पौंड दाबाखाली २० मिनिटे शिजवल्याच पाहिजेत. पेरणीही निर्जंतुक केलेल्या बंद पेटीतच करायची. उघड्या खोलीत केलीत, तर आठवड्यात बाटलीत पांढरा कापूस दिसेल. अशी बाटली उघडू नका; तशीच पुन्हा शिजवा आणि मग टाका. आणि हो, शेडमधल्या कुंड्यांवर नारळपाणी ओतू नका. तिथं मुंग्या येतात, बुरस चढते.

बी ते फूल यात तीन-चार वर्षं जातात. तेव्हा पहिली लागवड खात्रीच्या प्रयोगशाळेतली रोपं आणूनच करा, आणि घरचा प्रयोग दहा बाटल्यांपुरता ठेवा. पाचांत नारळपाणी, पाच बिनपाण्याच्या. बाटल्यांवर तारीख घाला, दर पंधरवड्याला पानं मोजा, आणि काय दिसलं ते आम्हाला पत्रानं कळवा.