फोन आईचा, खेळ मुलाचा, पैसा गटाचा



आमच्या गटाच्या खजिनदार ताईंचा मुलगा त्यांच्याच फोनवर बीजीएमआय खेळतो. नेम आपोआप लागावा, भिंतीआडचा शत्रू दिसावा म्हणून त्याने कुणीतरी पाठवलेला 'हॅक' फोनमध्ये टाकला. दोन दिवसांत त्याचं खेळाचं खातं बंद झालं. पोरगं रडत आईकडे आलं. आम्ही आधी हसलो. मग आठवलं, गटाचे हप्ते आम्ही ताईंच्या याच फोनवर यूपीआयने पाठवतो!

असे हॅक प्ले स्टोअरवर नसतात. लिंकवरून एपीके फाईल उतरवावी लागते. ती टाकताना प्ले प्रोटेक्ट बंद करायला सांगतात, मेसेज वाचायची परवानगी मागतात. मुलं घाईत 'अलाऊ' दाबतात. मग आपला ओटीपी भलताच माणूस वाचू शकतो.

आम्ही लगेच फोनचं नेट बंद केलं आणि बँकेला कळवलं. दुसऱ्या फोनवरून पासवर्ड बदलले. मग ताईंचा फोन फॅक्टरी रिसेट केला. पैसे वाचले. तुमचे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा.

आणि एक सांगतो. मुलाला मारू नका. त्या पोराने स्वतः येऊन सांगितलं, म्हणून आपल्याला कळलं. मार बसला असता, तर पुढच्या वेळी तो गप्प राहिला असता. आज घरी गेल्यावर फोन हातात घ्या, मुलाला शेजारी बसवा आणि कोणकोणती ॲप टाकली आहेत ते दोघं मिळून बघा.