भगवंत, भक्त आणि भात



ग्रंथालयाच्या शतकपूर्तीच्या या मंगल प्रसंगी एका शब्दाची कुळकथा आपणांपुढे मांडावी, असे मी योजिले आहे. पूर्वीच्या युगोस्लाव्हियातील सर्बो-क्रोएशियन भाषेत ईश्वराला ‘बोग’ म्हणतात. ‘बोगदान’ हे तिकडचे नाव म्हणजे आपला देवदत्तच. हा ‘बोग’ आपल्या ‘भग’ शब्दाचा आप्त होय. इराणच्या दारयवहू राजाच्या शिलालेखांतही देवाला ‘बग’ म्हटले आहे. स्लाव लोकांना हा शब्द वारशाने लाभला की इराणी शेजाऱ्यांकडून मिळाला, याविषयी पंडितांत मतभेद आहेत; परंतु नाते उघड आहे.

ऋग्वेदातील भग हा आदित्यांपैकी एक. ज्याचा त्याचा वाटा ज्याला त्याला देणारा. ‘भज्’ या धातूचा मूळ अर्थच वाटणे, वाटा घेणे. भाग, भाग्य, भगवंत, भक्ती ही सारी त्याचीच संतती. संस्कृतात ‘भक्त’ म्हणजे शिजविलेले अन्न असाही अर्थ आहे. प्राकृतात त्याचे ‘भत्त’ झाले आणि आपल्या पानात तो ‘भात’ होऊन आला. सर्बो-क्रोएशियनमध्ये ‘बोगात’ म्हणजे श्रीमंत व ‘उबोग’ म्हणजे दरिद्री, ज्याच्या वाट्याला काही आले नाही असा. आपल्या ‘अभागी’ शब्दाची घडण हीच नव्हे काय?

वाट्याचे मोल डभोईने रक्त देऊन जाणले आहे. १ एप्रिल १७३१ रोजी याच परिसरात बाजीराव पेशवे व सेनापती त्रिंबकराव दाभाडे समोरासमोर उभे ठाकले. दोघेही शाहू छत्रपतींचेच सेवक. वादाच्या मुळाशी गुजरातची चौथाई, म्हणजे वाटाच. सेनापती धारातीर्थी पडले.

त्याच भूमीत पुढे वाटपाचा निराळा मार्ग दिसला. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना पाचारण केले, आणि बडोदे राज्यात पुस्तके पेट्यांतून खेडोपाडी जाऊ लागली. महसूल वाटला की प्रत्येकाच्या हाती थोडा उरतो; ग्रंथाचे तसे नाही.

आज आपली नातवंडे गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात, यात वावगे काही नाही. परंतु मराठीतला त्यांचा वाटा त्यांना कोण देणार? आपल्या कपाटांतील पुस्तके त्यांच्यासाठीच राखलेला भाग आहेत. प्रत्येक सभासदाने आठवड्यातून एकदा एका मुलाला बोट धरून येथे आणावे, एवढीच माझी विनंती आहे.